आधी मोटर की आधी ड्राइव्ह?

जामनेर तालुक्यात विहिरीवरची मोटर जळाली की ती भरायला टाकतात. भरून आणल्यावर जाणता वायरमन आधी स्टार्टरचं झाकण उघडतो आणि ओव्हरलोड रिले किती अँपिअरला लावला आहे ते बघतो. मोटरच्या पाटीवरचा आकडा आणि रिलेचा आकडा जुळत असेल, तर पंप गाळात अडकला किंवा एक फेज गेली तरी रिले पडतो आणि मोटर वाचते. तीन एचपीच्या मोटरला पाच एचपीचा स्टार्टर लावून रिले होता तसाच ठेवला, तर तीच मोटर पुढच्या हंगामात पुन्हा भरायला जाते. घरच्या घरी सीएनसी यंत्र उभं करायला निघालेल्या कुणालाही हा व्यवहार नीट समजलेला असतो. सर्वो मोटर आणि ड्राइव्ह यांची जोडी जुळवताना हेच ज्ञान थोडं पुढे न्यायचं आहे.

थोडं पुढे अशासाठी की स्टार्टर मोटर चालू करतो, बंद करतो आणि संकटात तोडतो, एवढंच. ड्राइव्ह मात्र मोटर चालू असेपर्यंत सेकंदाला हजारो वेळा तिच्यातला प्रवाह मोजतो आणि बदलतो. त्याच्या आत एकात एक अशी तीन नियंत्रणं चालतात. सर्वांत आतलं प्रवाहाचं, म्हणजेच पिळाच्या जोराचं, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. त्याच्या बाहेर वेगाचं, आणि सर्वांत बाहेर जागेचं. मोटरच्या मागे बसवलेला एन्कोडर दांडा नेमका कुठे आहे ते सांगतो. कंट्रोलरनं सांगितलेली जागा आणि दांड्याची खरी जागा यांत फरक पडला की ड्राइव्ह प्रवाह वाढवून तो भरून काढतो. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर अलार्म देऊन थांबतो. स्टेपर मोटर साधारणपणे अशी विचारपूस न करता आज्ञेबरोबर पावलं टाकते, आणि एखादं पाऊल चुकलं तर ते कुणाला कळत नाही. ऐंशी टक्के कोरून झालेल्या सागवानी पॅनलवर पाऊल चुकलं की सगळा तुकडा वाया जातो. म्हणून हौशी माणूस कधी ना कधी सर्वोकडे वळतोच.

ही सारी विद्या हौशी माणसाच्या अंगणात यायला अर्धं शतक लागलं. मिशिगनमधले जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र अचूक कापण्याच्या खटपटीत होते. त्या कामातून एमआयटीच्या सर्वोमेकॅनिझम्स लॅबोरेटरीनं १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं. जपानमध्ये फानुक कंपनीनं आपली तेलाच्या दाबावर चालणारी पल्स मोटर बाजूला ठेवून १९७४ मध्ये डीसी सर्वो मोटर स्वीकारली, आणि त्यानंतर कारखान्यांमधला सर्वोचा मार्ग पक्का झाला. महाराष्ट्राच्या खेड्यात संगणकावर चालणारी छोटी यंत्रं पोहोचल्याचं ठळक उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातलं पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्यानं तिथे फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. अशी यंत्रं वापरायला मोठं शहर लागत नाही, हे पाबळनं दाखवून दिलं.

खानदेशात तर त्यासाठी जमीन तयारच आहे. जळगावच्या एमआयडीसीत पीव्हीसी पाइप, ठिबकचे सुटे भाग, प्लॅस्टिकच्या चटया बनतात. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन यांनी उभारलेला ठिबकचा उद्योग तर जगभर गेला. प्लॅस्टिकच्या प्रत्येक फिटिंगमागे एक पोलादी डाय असते, आणि डाय बनवायला मिलिंग मशीन लागतं. आयटीआय करून तिथे कामाला लागलेला मुलगा दिवसभर मोठ्या कंपनीची यंत्रं चालवतो. आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये देव्हाऱ्याची जाळी, दरवाजाची पॅनल किंवा अ‍ॅल्युमिनियमचे छोटे भाग कापणारं यंत्र असावं, असं त्याच्या मनात येणं स्वाभाविक आहे. हे प्रकरण त्याच्यासाठी आहे.

बहुतेकांची सुरुवात मोटरपासून होते. कुठे तरी स्वस्त मोटरा मिळाल्या म्हणून घेतल्या, मग त्यांना चालेल असा ड्राइव्ह शोधला, शेवटी उरलेल्या पैशांत वीजपुरवठ्याचं बघितलं. माझं आग्रहाचं म्हणणं असं की हा क्रम पूर्ण उलटा आहे. आधी अक्ष ठरवावा: किती वजन, किती वेगानं, कोणत्या स्क्रूवर हलवायचं आहे. त्यावरून मोटर ठरते. मोटरच्या पाटीवरून ड्राइव्ह ठरतो आणि ड्राइव्हवरून वीजपुरवठा.

उदाहरणाला एक मीटर लांबीचा आडवा अक्ष घेऊ. बॉलस्क्रू १६ मिलिमीटर जाडीचा, एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारा. स्पिंडलसकट सरकणारं वजन ४० किलो. हौशी राऊटरमध्ये असा अक्ष नेहमी दिसतो.

पहिला प्रश्न जोराचा. बाजारात ३००० आरपीएमच्या एसी सर्वो मोटरा १००, २०० आणि ४०० वॅटमध्ये सहज मिळतात. वॅटला कोनीय वेगानं भागलं की टॉर्क मिळतो. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३१४ रेडियन, तेव्हा ४०० वॅटची मोटर १.२७ न्यूटन-मीटर देते, २०० वॅटची ०.६४ आणि १०० वॅटची ०.३२. पाच मिलिमीटरच्या स्क्रूवर, घर्षणात दहा टक्के गेले असं धरलं तरी, ४०० वॅटची मोटर सुमारे १४४० न्यूटन रेटा देते, म्हणजे जवळजवळ १४७ किलोचा. १०० वॅटची मोटरही ३६ किलोच्या वर रेटते. सागवान, एमडीएफ किंवा हलक्या हातानं कापलेलं अ‍ॅल्युमिनियम यांना तेवढा रेटा पुरतो. जोराच्या हिशेबानं १०० वॅट पुरेसे दिसतात, आणि पुष्कळ जण इथेच थांबून मोटर मागवतात.

दुसरा प्रश्न वेगाचा, आणि इथे मोटरच्या आधी स्क्रूच बोलतो. लांब आणि बारीक दांडा ठराविक वेगाच्या पुढे फिरवला की मध्यभागी वाकून झोके घेऊ लागतो. एका टोकाला घट्ट बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला नुसता आधार दिलेला, आपल्या मापाचा एक मीटरचा स्क्रू सुमारे २००० आरपीएमपर्यंतच सुरक्षित फिरतो. म्हणजे मिनिटाला १० मीटर. मोटर ३००० किंवा ५००० आरपीएमची असली तरी वरचा वेग या अक्षाला कधीच वापरता येणार नाही. ही मर्यादा आधीच माहीत असेल तर पुढचे अनेक खर्च टळतात, कारण व्होल्टेज किती हवं ते वेगावरच ठरतं.

तिसरा प्रश्न जडत्वाचा. घरगुती यंत्रांच्या चर्चेत तो सर्वांत कमी निघतो आणि जोडी बिघडते ती बहुधा तिथेच. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व वजनावर अवलंबून असतंच, पण ते वजन अक्षापासून किती दूर आहे त्याच्या वर्गावरही असतं. सर्वोच्या माहितीपत्रकात ते किलोग्रॅम गुणिले सेंटिमीटरचा वर्ग या मापात देतात. आपलं ४० किलोचं सरकतं वजन स्क्रूमार्फत मोटरला फक्त ०.२५ एवढं जाणवतं, कारण एका फेऱ्यात ते पाचच मिलिमीटर हलतं. एक मीटरच्या त्या बारीक स्क्रूचं स्वतःचं जडत्व मात्र ०.५ भरतं. दोन माणसांनी उचलायच्या टेबलापेक्षा हातात मावणारा दांडा मोटरला दुप्पट जड वाटतो! कपलिंग धरून एकूण ०.८.

आता मोटरच्या रोटरचं जडत्व बघा. ४० मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या १०० वॅट मोटरचं ते साधारण ०.०४ असतं, ६० मिलिमीटर तोंडाच्या २०० वॅटचं ०.१८ आणि ४०० वॅटचं ०.२८. म्हणजे १०० वॅटच्या मोटरवर तिच्या रोटरच्या वीसपट जडत्व लादलं जातं, २०० वॅटवर साडेचारपटीच्या आसपास आणि ४०० वॅटवर तिपटीहून कमी. वीसपट असलं की मोटर आणि भार यांच्यामधलं कपलिंग स्प्रिंगसारखं वागू लागतं. ड्राइव्हनं दुरुस्ती केली की भार उशिरा हलतो, मग ड्राइव्ह उलट दुरुस्ती करतो आणि अक्ष गुणगुणायला लागतो. आवाज बंद करायला गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, उतरवला की अक्ष ढिला पडतो आणि वर्तुळं अंड्याच्या आकाराची निघतात. नव्या ड्राइव्हमध्ये असा कंप दाबणारे फिल्टर असतात आणि जाणकार माणूस वीसपटीतूनही वाट काढतो. तरी घरगुती यंत्रासाठी पाचपटीच्या आत राहावं, फार तर दहापटीपर्यंत जावं, असं मी सांगेन. या अक्षाला २०० वॅटची मोटर चपखल बसते. ४०० वॅट घेतली तर काही बिघडत नाही, पैसे मात्र उगाच जातात. टेबलाचा वेग दर सेकंदाला दोन मीटर प्रति सेकंद या दरानं वाढवायला २०० वॅटच्या मोटरला पाव न्यूटन-मीटर लागतो. तिची क्षणिक ताकद १.९ न्यूटन-मीटर आहे. एवढी ताकद वापरायला गेलात तर लोखंडी चौकटच थरथरेल.

हातात १०० वॅटच्याच मोटरा असतील तर त्या टाकून द्यायची गरज नाही. मोटर आणि स्क्रू यांच्यामध्ये दोनास एक प्रमाणाचा टायमिंग बेल्ट घाला. भाराचं जडत्व मोटरला गुणोत्तराच्या वर्गानं कमी जाणवतं, म्हणजे चौथा हिस्सा. ०.८ चं ०.२ होतं आणि वीसपट पाचपटीवर येतं. पुल्यांचं थोडं वाढतं, ते धरावं. रेटा दुप्पट होतो. मोटर ३००० नं फिरली तर स्क्रू १५०० नं फिरेल आणि त्याची मर्यादा २००० होती, म्हणजे वेगातही फारसं गमावलं नाही. मोटरचा वरचा वेग जो फुकट जात होता तो इथे कामी येतो. बेल्टचा ताण वेळोवेळी बघावा लागतो, एवढीच त्याची मागणी.

आता भंगारातून आलेल्या डीसी सर्वोकडे. खानदेशातून सुरतेला थेट रेल्वे आहे आणि सुरत म्हणजे कापडाचं शहर. कापड, छपाई आणि पॅकिंगच्या जुन्या यंत्रांतून ब्रशच्या डीसी मोटरा निघतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे ड्राइव्ह आणि पॉवर सप्लाय मिळतात. अशा मोटरची पाटी पुसली गेलेली असते किंवा तिच्यावर फक्त कंपनीचा भाग क्रमांक असतो. तरीही ती मोटर स्वतःविषयी सगळं सांगू शकते. तिचा दांडा ड्रिल मशीनमध्ये धरून फिरवा, वेग टॅकोमीटरनं मोजा आणि मोटरच्या दोन वायरींवर किती डीसी व्होल्ट येतात ते मल्टिमीटरवर पाहा. समजा १००० आरपीएमला १२.६ व्होल्ट आले. १००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०४.७ रेडियन. भागाकार ०.१२. हाच आकडा व्होल्टेजचा स्थिरांक, आणि मेट्रिक मापात हाच टॉर्कचाही स्थिरांक असतो. दर अँपिअरला ही मोटर ०.१२ न्यूटन-मीटर देणार. निसर्गानं दोन्ही आकडे एकच ठेवले आहेत, म्हणून टॉर्क मोजायचं महागडं उपकरण न लागता एका ड्रिलवर काम भागतं. वायंडिंगचा रोध मल्टिमीटरनं थेट नीट कळत नाही, कारण ब्रशचा संपर्क मध्ये येतो. दांडा घट्ट धरून एक-दोन अँपिअर ठराविक प्रवाह सोडावा, व्होल्ट मोजावेत, दांडा थोडा फिरवून पुन्हा मोजावेत आणि सरासरी काढावी. समजा ०.८ ओहम आला.

आता व्होल्टेज आपोआप ठरतं. २००० आरपीएमला मोटर स्वतःच २५ व्होल्ट उलटे निर्माण करते. समजा ही मोटर सतत पाच अँपिअरची आहे, तर तेवढे वाहायला आणखी ४ व्होल्ट लागतात, एकूण २९. वेग पकडताना क्षणभर १५ अँपिअर हवे असतील तर १२ व्होल्ट, एकूण ३७. म्हणून ४८ व्होल्टचा पुरवठा या मोटरला शोभतो. २४ व्होल्टवर हीच मोटर पाच अँपिअरच्या भाराखाली १६०० आरपीएमच्या आसपास अडते आणि ड्राइव्ह अलार्म देतो. अशा वेळी ड्राइव्ह कमजोर आहे असं समजून मोठा ड्राइव्ह आणला जातो. अँपिअर वाढवून वेग मिळत नाही, वेगाला व्होल्ट लागतात.

अँपिअरचा हिशेब वेगळा. ड्राइव्ह २० अँपिअरचा असला तरी मोटर पाचची आहे हे त्याला सांगावं लागतं. सतत प्रवाहाची मर्यादा पाचवर, क्षणिक पंधरावर. काही ड्राइव्हमध्ये ती बारीक स्क्रूड्रायव्हरनं फिरवायच्या पॉटवर असते, काहींत सॉफ्टवेअरमध्ये. मर्यादा न लावल्यास दोन नुकसानं संभवतात. वायंडिंग जळतं ते वासावरून कळतं आणि भरून घेता येतं. दुसरं जास्त वाईट: क्षणिक प्रवाह फार चढला तर कायमचुंबक दुबळे होतात. मोटर फिरत राहते, पण दर अँपिअरचा टॉर्क कायमचा उतरलेला असतो. ड्रिलवरची चाचणी पुन्हा केली तर १२.६ च्या जागी दहा-अकरा व्होल्ट येतात, तेव्हा ते उघडकीला येतं.

चपट्या थाळीसारख्या मोटरा दिसल्या तर त्यांचं इंडक्टन्स तपासा. ड्राइव्ह प्रवाह सलग देत नाही, सेकंदाला वीस हजार वेळा पूर्ण व्होल्टेज चालू-बंद करून देतो. वायंडिंगचं इंडक्टन्स हे झटके सपाट करतं. दोन मिलिहेन्री असेल तर ४८ व्होल्टला प्रवाहाचा चढउतार अर्ध्या अँपिअरच्या थोडा वर राहतो. ०.१ मिलिहेन्री असेल, तर दोन्ही दिशांना व्होल्टेज उलटसुलट करणाऱ्या साध्या ड्राइव्हवर तोच चढउतार १२ अँपिअरपर्यंत जातो. मोटर जागच्या जागी उभी असूनही तापते. अशा मोटरसाठी जास्त वारंवारितेचा ड्राइव्ह घ्यावा, किंवा वायरीत बाहेरून चोक टाकावा.

डीसीच्या मार्गावर आणखी एक खड्डा आहे, ब्रेक लावतानाचा. वेगात असलेला अक्ष थांबवला की मोटर जनित्र होते आणि ऊर्जा उलटी पॉवर सप्लायकडे ढकलते. संगणकासारखे एसएमपीएस वीज फक्त द्यायला बनवलेले असतात, परत घ्यायला नाही. आपल्या अक्षावर, डीसी मोटरच्या जड रोटरसकट, २००० आरपीएमला सुमारे सव्वातीन ज्यूल ऊर्जा साठलेली असते. आकडा किरकोळ वाटतो. पण ती सगळी १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये घुसली तर ४८ चे ९४ व्होल्ट होतात, आणि ८० व्होल्टची मर्यादा असलेला ड्राइव्ह मरतो. घर्षण आणि वायंडिंग यांत त्यातली काही ऊर्जा जिरते हे खरं, पण त्या भरवशावर राहू नये. तिथेच १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला तर व्होल्टेज ५५ च्या आत राहतं. म्हणून डीसी सर्वोसाठी मला साधा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि मोठा कपॅसिटर हीच रचना पसंत आहे. ट्रान्सफॉर्मर बांधणारे कारागीर जळगावला आहेत आणि मागाल त्या व्होल्टेजला तो बांधून मिळतो. ३४ व्होल्ट एसीचे गाळून साधारण ४७ डीसी होतात. लाइन चढली की तेही चढतात, म्हणून ड्राइव्हच्या कमाल मर्यादेपासून पंचवीस टक्के तरी खाली राहावं.

एसी सर्वो घेणाऱ्याला यातलं बरंचसं करावं लागत नाही, कारण मोटर आणि ड्राइव्ह एकाच कंपनीची जोडी म्हणून येतात. डेल्टा, पॅनासोनिक, यास्कावा यांच्या माहितीपत्रकांत कोणत्या मोटरला कोणता ड्राइव्ह ते तक्त्यात छापलेलं असतं, आणि तो तक्ता मानावा. वेगवेगळ्या कंपन्यांची सरमिसळ इथे सहसा जमत नाही. नव्या मोटरांचा एन्कोडर साध्या ए-बी लहरी पाठवत नाही, तो कंपनीच्या स्वतःच्या सांकेतिक भाषेत बोलतो, आणि दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला ती कळत नाही. जुन्या मोटरा घेताना एक गोष्ट तर डोळ्यांत तेल घालून बघावी. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, म्हणून तिथल्या कंपन्या १०० आणि २०० व्होल्ट अशा दोन्ही मालिका बनवतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. १०० व्होल्टच्या ४०० वॅट मोटरला प्रवाह साधारण दुप्पट लागतो, आणि ती २०० व्होल्टच्या ड्राइव्हवर चालवली तर इन्सुलेशन आणि ड्राइव्ह दोन्ही धोक्यात येतात. भंगारवाल्याकडून मोटर घ्यायची तर तिचा मूळ ड्राइव्ह आणि दोन्ही केबल्स एकत्र मिळत असतील तरच घ्यावी. नुसत्या केबलची किंमतही जिवावर येते.

आणि एसी सर्वो मोटर कधीही भरायला टाकू नये. पंपाची मोटर खोलून भरणं हे आपल्याकडचं मुरलेलं कौशल्य आहे, पण एसी सर्वोमध्ये एन्कोडर रोटरच्या चुंबकांशी ठराविक कोनात बांधलेला असतो. मागचं झाकण काढून तो हलला की ड्राइव्हला चुंबकाची दिशा चुकीची कळते, आणि मोटर एकाच जागी थरथरते किंवा सुसाट पळते.

मोटर आणि ड्राइव्ह जमले तरी आज्ञा देणारा कंट्रोलर मागे पडू शकतो. मोटरच्या एका फेऱ्याला १०,००० पल्स लावले तर पाच मिलिमीटरच्या स्क्रूवर अर्ध्या मायक्रॉनची पायरी मिळते, आणि ऐकायला ते फार छान वाटतं. पण २००० आरपीएमला त्यासाठी सेकंदाला ३,३३,००० पल्स लागतात. जुन्या संगणकाच्या पॅरलल पोर्टवर माख-थ्री सॉफ्टवेअर साधारणपणे २५,००० देतं, आणि आर्डुइनो उनोवरचं जीआरबीएल ३०,००० च्या आसपास. मग यंत्र मुंगीच्या पावलानं चालतं आणि दोष सर्वोला लागतो. ड्राइव्हमध्ये इलेक्ट्रॉनिक गिअर नावाची सोय असते. तिनं एका फेऱ्याला १००० पल्स ठरवले तर पायरी पाच मायक्रॉनची होते आणि २५,००० पल्समध्ये मिनिटाला साडेसात मीटर वेग मिळतो. लाकडाला पाच मायक्रॉन पुरून उरतात. अ‍ॅल्युमिनियमचे नेमके भाग करायचे असतील तर पल्स देणारं वेगळं कार्ड घ्यावं, आणि पल्स डिफरन्शियल जोडीतून, पिळलेल्या शिल्डच्या वायरीतून न्यावेत. स्पिंडलचा वेग बदलणारा व्हीएफडी शेजारीच असतो आणि तो भरपूर विद्युत गोंगाट करतो.

राहिली आपल्या भागातली वीज आणि ऊन. शेतीच्या फीडरवर थ्री फेज ठराविक तासांनाच असते, तेव्हा हौशी यंत्र सिंगल फेजवर चालेल असंच योजावं. दीड किलोवॅटपर्यंतचे बरेच ड्राइव्ह सिंगल फेज घेतात, पण माहितीपत्रकात खात्री करून घ्यावी. २३० व्होल्ट गाळून आत ३२५ व्होल्ट डीसी तयार होतात. लाइन १८० वर उतरली तर आत २५५ च राहतात आणि मोटरचा वरचा वेग कमी होतो. आपल्या अक्षाला २००० आरपीएमच पुरे असल्यानं हा फरक पचतो. ड्राइव्हच्या किमान व्होल्टेजपेक्षा खाली जाणारी लाइन असेल तर मात्र स्टॅबिलायझर घ्यावाच.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ भागात पारा ४५ च्या वरही जातो. सर्वो मोटरची क्षमता ४० अंशांच्या हवेसाठी सांगितलेली असते. हवा ४६ झाली तर टॉर्क किती घटतो, याचा हिशेब केला तर तीन-चार टक्केच निघतो, म्हणजे मोटरची काळजी फारशी नको. खरी काळजी ड्राइव्हच्या पेटीची. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हवा बाहेरच्यापेक्षा बरीच गरम असते, आणि बंद पेटीत आणखी दहा-पंधरा अंश वाढतात. ड्राइव्हची मर्यादा साधारण ५५ अंश असते आणि त्याच्या बरीच आधीपासून खेळती हवा लागते. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांनी निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. पेटी उन्हाच्या भिंतीला लावू नये, ड्राइव्हमध्ये कंपनीनं सांगितलेलं अंतर सोडावं आणि पंखा हवा आत ढकलेल असा, फिल्टरसह बसवावा. हा कापसाचा मुलूख आहे. जिनिंगच्या दिवसांत हवेत तरंगणारे तंतू आणि राऊटरचा भुसा मिळून पंख्याच्या जाळीवर थर चढतो. तो दर आठवड्याला काढावा.

उभ्या अक्षाचा विचार वेगळा करावा लागतो. सर्वो मोटर चालू असेपर्यंत स्पिंडल हवेत धरून ठेवते. लाईट गेली की धरणारं कुणी नाही, आणि बॉलस्क्रू इतका सुळसुळीत असतो की स्पिंडल आपल्या वजनानं खाली उतरतो, बिट लाकडात रुततं किंवा मोडतं. जिथे वीज केव्हाही जाऊ शकते तिथे झेड अक्षाला ब्रेकवाली मोटरच घ्यावी. तिच्यातला स्प्रिंगचा ब्रेक २४ व्होल्ट मिळाले की सुटतो आणि वीज गेली की आपोआप लागतो. त्याचा रिले ड्राइव्हच्या ब्रेक आउटपुटवरून चालवावा, म्हणजे आधी मोटर ताबा घेईल आणि मगच ब्रेक सुटेल. ब्रेक थांबलेला अक्ष धरून ठेवण्यासाठी असतो. चालता अक्ष रोखायला तो वापरला तर त्याचं अस्तर लवकर झिजतं.

पहिल्यांदा वीज देताना मोटर स्क्रूला जोडू नये. ती टेबलावर क्लॅम्पनं घट्ट बांधावी, आपत्कालीन बटण हाताशी ठेवावं आणि प्रवाहाची मर्यादा अगदी खाली लावावी. डीसी मोटर चालू करताच सुसाट पळाली तर तिची दिशा आणि एन्कोडरची दिशा एकमेकांविरुद्ध आहेत. मोटरच्या दोन वायरी बदलाव्यात किंवा एन्कोडरच्या ए आणि बी, दोन्ही एकदम मात्र नाही. एसी जोडीत यू, व्ही, डब्ल्यू यांचा क्रम माहितीपत्रकाप्रमाणेच ठेवावा. पंपाच्या मोटरसारख्या फेज अदलाबदल करून इथे दिशा बदलत नाही, ती पॅरामीटरमधून बदलायची असते. दांडा हातानं पीळ देऊन पाहावा. तो विरोध करून मूळ जागी परतला की मर्यादा हळूहळू वाढवत न्यावी, आणि मगच कपलिंगचे स्क्रू आवळावेत.